छातीच्या उंचीवर घेर

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा असतो.
कुणाच्या छातीच्या, ते फॉर्मवर नाही.
मी माझी धरली.

मेढ्यापासून वर, केळघर घाटाच्या अलीकडे
बारा एकर उतार. हॉटेल होणार, चाळीस खोल्या,
प्रत्येक खोलीतून धरणाचं पाणी दिसेल
असं नकाशात आधीच दिसतंय.
मी रोजंदारीवर. एक टेप, एक वही,
पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा, दोन इंची ब्रश.

टेप एकट्यानं गुंडाळायची तर
झाडाला कव घालावी लागते.
पलीकडून येणारं टोक डाव्या हाताला सापडेपर्यंत
गाल सालीला टेकवून तसंच राहायचं.
असं दोनशे तेरा वेळा.
घरी गेलो की शर्टाला हिरड्याचा वास, कॉलरमध्ये मुंग्या.
बायको म्हणाली, आज कुणाकडं जाऊन आलाय?

नावं सोनाबाई आखाडे सांगायची.
तिचं खोपट उताराच्या मध्यावर,
नकाशात तिथं पोहण्याचा तलाव.
"ह्यो ऐन. ह्यो किंजळ. ह्यो गेळा, फळानं मासं मरत्यात ह्याच्या.
ह्याला नाव न्हाई. पण माज्या सासऱ्याला
हितंच इच्चू चावला. इच्चवाचं झाड, लिही."
मी 'इतर' लिहिलं.

कारवीला रकानाच नाही.
तीस सेंटिमीटरच्या आतलं सगळं झुडूप,
आणि झुडपाला नंबर नसतो.
"फुडच्या साली फुलंल," ती म्हणाली.
"सात वर्सं भरत्यात."
मी पान उलटलं.

सोमवारी मशीन आलं.
चालवणारा विट्याचा, इर्शाद मुलाणी,
जेवताना मशीन बंद करायचा, एवढं त्याचं चांगलं.
दोन दिवसांत बिननंबरी सगळं गेलं.
कारवी तर आवाजसुद्धा न करता.
नंबरवाल्यांची परवानगी साताऱ्याहून यायची होती,
म्हणून ती तांबड्या मातीत उघडीच उभी राहिली,
कचेरीच्या व्हरांड्यात माणसं उभी असतात तशी:
नाव पुकारलंय,
कशाला ते सांगितलेलं नाही.

सोनाबाई हे बघत होती.
"रंग उरलाय का?"
"कशाला?"
तिनं खोपटाची मधली मेढ दाखवली.
ऐनाची, साल अजून अंगावर.
"नंबर घातल्यालं मागनं पाडत्यात. हिलाबी घाल."
मी हसलो. ती हसली नाही.
आयुष्य मेढ्यात गेलं,
मेढ मोजायची ही पहिलीच वेळ.
घेर एकावन्न. फॉर्ममध्ये बसत होती.
२१४ घातला.

परवानगी आली.
त्यानंतरचं करवतीनं आठ दिवस
अख्ख्या खोऱ्याला ओरडून सांगितलंय,
मी वेगळं काय सांगू.

मग बुंधे मोजायला साहेब आले.
दोनशे तेरा.
पुन्हा मोजले. दोनशे तेरा.
"चौदावं कुठाय? विकलंस?"

खोपटाच्या जागी चुलीचे तीन दगड
आणि एक खड्डा, हातभर खोल,
गोल, कडा अजून ओल्या.

सापडलं ते ओढ्यापलीकडे, तिच्या भाचीच्या बांधावर.
खोपट नवं, मेढ तीच,
घाईत उलटी रोवलेली.
आकडे खाली डोकं वर पाय.
सोनाबाईनं तांब्या पुढं केला, बोलली काही नाही.
साहेब गाडीत, फोनवर.

मी टेप काढली.
एवढ्याशा मेढीला कव घालावी लागत नाही,
सवयीनं घातली.
गाल टेकला. हिरडा नाही, ऐन नाही,
धुराचा वास.
छातीच्या उंचीवर आता दुसरंच टोक होतं,
भरले अठ्ठेचाळीस.

तीन सेंटिमीटरचा हिशेब
साहेबांनी अजून विचारलेला नाही.